अंडं बनत नसतं, ते जागं होतं

वटपौर्णिमेच्या संध्याकाळी माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिचा पाळीचा तिसरा दिवस, त्यामुळे ती वडाला गेली नव्हती, घरातल्या बाकीच्या बायका पूजा करून आल्या आणि ही मागच्या खोलीत मोबाइलवर आलेला लॅबचा रिपोर्ट बघत बसलेली. एएमएच, म्हणजे अंडाशयातून येणारं एक हार्मोन, ०.८ आणि त्याच्यापुढे 'लो'. आणि नेमकं तेव्हाच बाहेर सासूबाई कुणालातरी सांगत होत्या की हिची अंडीच बनत नाहीत म्हणे. मला रडत रडत विचारते, "ताई, तू झूलॉजी शिकवतेस ना, खरं सांग, माझ्यात अंडी बनतच नाहीत का?"

फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण रडणाऱ्या माणसाला फोनवर काय आणि किती सांगणार, म्हणून आज नीट लिहून काढतेय, तिच्यासाठी आणि हे वाक्य ज्यांना ज्यांना ऐकावं लागतं त्या सगळ्यांसाठी. मलाही ऐकावं लागलंय. नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे अंडं कितपत वाढलंय ते बघायची सोनोग्राफी, करत होते, दर दोन दिवसांनी त्या थंडगार टेबलावर झोपायचं आणि स्क्रीनकडे बघत डॉक्टर म्हणायचे, "अंडं चौदा एमएम झालंय, परवा या." मी प्राणिशास्त्र शिकवणारी बाई, मला माहीत होतं की अंडं चौदा एमएमचं नसतं, पण त्या टेबलावर असताना मीसुद्धा घरी फोन करून तेच सांगायचे, अंडं चौदाचं झालंय.

तर पहिली गोष्ट तीच. माणसाचं अंडं पूर्ण वाढलं तरी साधारण ०.१ एमएमचं असतं, सुईच्या टोकाने कागदावर ठिपका द्यावा एवढं. सोनोग्राफीत ते दिसतच नाही. दिसते ती त्याच्याभोवतीची पाण्याने भरलेली पिशवी, तिला फॉलिकल म्हणतात, शाळेच्या पुस्तकात तिला पुटिका म्हणायचे. चौदा, अठरा, वीस हे सगळे आकडे त्या पिशवीचे. तुम्ही म्हणाल एवढा शब्दाचा कीस कशाला पाडायचा, पण फरक पडतो, कारण पिशवी ही नुसती पिशवी नाही, तिच्या भिंतीतल्या पेशी आणि आतलं अंडं यांच्यात महिनोन्‌महिने बोलणं चाललेलं असतं आणि ते कसं चालतं यावरच पुढचं सगळं ठरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अंडी 'बनायचं' काम आपल्या जन्माआधीच संपलेलं असतं. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून ६० ते ७० लाख अंडपेशी असतात, जन्माला येईपर्यंत त्यातल्या १० ते २० लाख उरतात, वयात येताना ३ ते ४ लाख, आणि पुऱ्या आयुष्यात ४००-५००च बाहेर पडतात. बाकीच्या सगळ्या आतच विरून जातात, कुणाचा काही दोष नसताना. प्रत्येक अंडपेशी चपट्या पेशींच्या एका पातळशा थराच्या आत झोपलेली असते, कोणी दहा वर्षं झोपतं, कोणी चाळीस. म्हणून मी म्हणते अंडं बनत नसतं, ते जागं होतं.

आणि ही झोप अशी आपोआपची नाही बरं का, ती टिकवून ठेवावी लागते. अंडपेशीच्या आत काही प्रोटीन ब्रेकसारखी काम करतात, त्यातलं एक पीटेन. २००८ साली उंदरांच्या अंडपेशीतून हे पीटेन काढून टाकलं तर काय झालं, झोपलेली सगळीच्या सगळी फॉलिकल्स एकदम जागी झाली, आणि ऐन तरुणपणातच अंडाशय रिकामं. म्हणजे सगळ्यांनी जागं होणं हे चांगलं लक्षण नाही, थोड्यांनी जागं होणं आणि बाकीच्यांनी झोपून राहणं यावरच तर तीस-पस्तीस वर्षांची पाळी चालते. बाहेरून उठवणारेही आहेत, भोवतालच्या पेशी किट लायगँड नावाचा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचा निरोप नेणारं प्रोटीन, सोडतात, तो अंड्यावरच्या किट रिसेप्टरला, म्हणजे निरोप धरणाऱ्या प्रोटीनला, जाऊन धरतो आणि आतला ब्रेक हळूहळू सैल होतो. आणि बाहेरून थोपवणारंही आहे, ते म्हणजे एएमएच, हो तेच रिपोर्टमधलं, त्याच्याकडे नंतर येते.

ब्रेकची ही माहिती वापरून २०१३ साली जपानमध्ये काझुहिरो कावामुरा आणि स्टॅनफर्डचे अ‍ॅरन श्वे यांनी जे केलं ते वाचून मी त्या रात्री झोपले नव्हते. ज्यांची पाळी फार लवकर बंद पडली होती अशा २७ बायकांच्या अंडाशयाचे बारीक तुकडे करून, ब्रेक सैल करणाऱ्या औषधात दोन दिवस ठेवून, परत त्यांच्याच शरीरात बसवले. ८ जणींमध्ये फॉलिकल्स वाढायला लागली आणि त्यातून एक बाळ जन्मलं. हे अजून प्रयोगच म्हणायचे, कुणी जाहिरात दाखवली म्हणून धावत जाऊ नका. पण ज्या अंडाशयाला सगळे संपलं म्हणत होते तिथे कोणीतरी झोपलेलं होतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता जागं झाल्यावर किती दिवस लागतात? बहुतेक बायकांना वाटतं पाळी आली की त्या महिन्याचं अंडं वाढायला लागतं आणि चौदाव्या दिवशी फुटतं. तसं नाही. जागं झाल्यापासून अंडं फुटेपर्यंत निदान सहा महिने, कदाचित वर्षसुद्धा जातं. त्यातला शेवटचा टप्पा, म्हणजे फॉलिकल जेमतेम ०.२ एमएमचं असतं तिथपासून ते फुटेपर्यंत, हाच साधारण ८५ दिवसांचा. फ्रेंच संशोधक अ‍ॅलन गूजों यांनी हे १९८०च्या दशकात मोजून दाखवलं. म्हणजे सोनोग्राफीत आपण जे दहा-बारा दिवस बघतो तो शेवटचा तुकडा आहे फक्त. त्याआधीचा लांबच लांब काळ मेंदूकडून येणाऱ्या एफएसएच या हार्मोनची फारशी गरजही लागत नाही, तिथे सगळं चालतं ते आतल्या आत, अंडं आणि शेजारच्या पेशी यांच्यात, ग्रोथ फॅक्टरच्या भाषेत.

आणि इथे माझा सगळ्यात आवडता भाग येतो, कारण वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते की अंडं म्हणजे आत गप्प बसलेलं, भोवतालच्या पेशी त्याला सांभाळतात, हार्मोन हुकूम सोडतात, अंडं आपलं वाढतं. १९७० साली सशाच्या फॉलिकलमधून फक्त अंडं काढून घेतलं आणि बघितलं, तर उरलेल्या पेशींनी वाढायचं सोडून अंडं फुटून गेल्यावर जसं व्हायचं तसं रूप घेतलं. म्हणजे कोणी अडवून धरत होतं, ते कोण? अंडंच. मग १९९६ मध्ये जीडीएफ-९ नावाचा ग्रोथ फॅक्टर नसलेले उंदीर तयार केले. जीडीएफ-९ फॉलिकलमध्ये तयार करतं ते अंडं. तो नसला तर भोवतालच्या पेशींचा एकच थर राहिला, दुसरा थर चढलाच नाही, माद्या वांझ. आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत जॉन एपिग यांच्या गटाने अजून पुढचं केलं, वाढीला लागलेल्या फॉलिकलमधलं वयाने मोठं अंडं काढून ते नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या अंडाशयातल्या कोवळ्या पेशींत बसवलं, तर त्या पेशी दुप्पट वेगाने वाढल्या. घड्याळ अंड्याच्या हातात होतं!

शेजारच्या पेशी, त्यांना ग्रॅन्युलोसा म्हणतात, त्याही काही नुसतं ऐकत बसत नाहीत. अंड्याभोवती एक जाड पारदर्शक कवच तयार होतं तेव्हा त्या त्याच्यातून बोटांसारखे बारीक धागे आरपार घालतात आणि अंड्याला चिकटून राहतात. अंड्याला साखर थेट पचवता येत नाही, तर या पेशी ती फोडून पायरुव्हेट करून त्या धाग्यांमधून आत देतात. बाळाला भात कालवून, मऊ करून भरवावा ना, अगदी तसं. वर्गात हे शिकवताना मी दरवेळी थांबते.

आता तुम्हाला फलटणला घेऊन जाते, कारण हे सगळं मला उंदरांवरून नाही कळलं, मेंढ्यांवरून कळलं. आमच्या भागात दख्खनी मेंढरं, एका वेताला एक कोकरू, जुळं झालं तर धनगरवाड्यात त्याची बातमी होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे नारीत, मी टीवायच्या मुलांना घेऊन गेले होते आणि तिथे बघितलं की कळपात जुळी नेहमीचीच. ही नारी सुवर्णा मेंढी. बनविहारी निंबकर आणि मग चंदा निंबकर यांनी बंगालच्या सुंदरबनातली गारोळ मेंढी इकडे आणली, ती एवढीशी, दहा-पंधरा किलोची, पण जुळी-तिळी देणारी, आणि तिच्यातला फक्त तो एक जीन आपल्या दख्खनी आणि लोणंदच्या मेंढ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या संकर करत उतरवला. अंगापिंडाने आपलीच मेंढी, उन्हातान्हात चालणारी, पण जुळी देणारी. पुण्याच्या एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, मदतीने रक्ताच्या थेंबातून जीन आहे की नाही ते तपासायची सोय झाली, त्यामुळे कोकरू मोठं होऊन वितेपर्यंत थांबायची गरज नाही.

तो जीन म्हणजे फेक-बी. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी शोधून काढलं की हा बदल बीएमपी नावाच्या ग्रोथ फॅक्टरच्या रिसेप्टरमध्ये आहे, म्हणजे निरोप धरणाऱ्या कानात म्हणा. पूर्ण प्रोटीनमध्ये २४९ नंबरच्या जागी ग्लुटामिनच्या ऐवजी आर्जिनिन, बस एवढंच. ऑस्ट्रेलियातल्या प्रसिद्ध बूरूला मेरिनो मेंढ्यांमध्ये हाच बदल आहे, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या बंगाली मेंढ्यांकडून तो तिकडे गेला असावा असं मानतात. सुंदरबनातून ऑस्ट्रेलिया, आणि सुंदरबनातूनच फलटण.

पण मला जे भिडलं ते वेगळंच. या मेंढ्यांत हार्मोनचा पूर येतो म्हणून जास्त अंडी फुटतात असं नाही. होतं असं की फॉलिकल लहान असतानाच त्याच्या पेशी प्रौढ होतात, एलएच या मेंदूकडून येणाऱ्या दुसऱ्या हार्मोनचं ऐकायला लवकर शिकतात, त्यामुळे एका मोठ्या फॉलिकलच्या जागी तीन-चार छोटी छोटी तयार होतात, आणि त्या सगळ्यांचं मिळून इस्ट्रोजेन बघितलं तर साधारण एका मोठ्याएवढंच! मेंदूला वाटतं एकच आहे, तो नेहमीसारखाच वागतो. तिकडे न्यूझीलंडच्या इन्व्हरडेल मेंढ्यांत अजून एक गंमत, त्यांच्यात अंड्यातून निघणारा बीएमपी-१५ हा ग्रोथ फॅक्टर बिघडलेला आहे. एक बिघडलेली प्रत असली की जुळी जास्त, आणि दोन्ही बिघडलेल्या असल्या की फॉलिकल वाढतच नाही, मेंढी वांझ. म्हणजे आवाज थोडा कमी झाला तर जास्त कोकरं, आणि पूर्ण बंद झाला तर एकही नाही. जास्त म्हणजे चांगलं, कमी म्हणजे वाईट, असा सरळ हिशेब इथे चालतच नाही, हे मी एएमएचच्या रिपोर्टकडे बघणाऱ्या प्रत्येकीला सांगत असते.

बरं, आता मेंदूची पाळी. फॉलिकल २ ते ५ एमएमचं झालं की मग मात्र त्याला एफएसएच लागतंच लागतं. पाळीच्या सुरुवातीला मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच वाढतं आणि दोन्ही अंडाशयांतली अशी तयार असलेली सगळी एकदम वाढायला लागतात. पिशवीच्या बाहेरच्या भिंतीतल्या थीका पेशी एलएचच्या सांगण्यावरून पुरुषी हार्मोन बनवतात, हो, प्रत्येक बाईत, आणि आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या सांगण्यावरून त्याचं इस्ट्रोजेन करतात. दोघींपैकी एकीलाही ते एकटीला जमत नाही. मग हे इस्ट्रोजेन आणि त्याच्यासोबत इनहिबिन-बी नावाचं हार्मोन मेंदूला जाऊन सांगतात, आता पुरे, आणि एफएसएच उतरायला लागतं.

इथे मला नेहमी आमचा नीरा उजवा कालवा आठवतो. पाटाला पाणी सुटलं की सगळ्यांचीच शेतं हिरवी, पण पाणी बंद झालं की ज्याची स्वतःची विहीर असेल त्याचंच पीक तगतं. फॉलिकलचं तसंच. एफएसएच भरपूर असताना एका फॉलिकलने, साधारण १० एमएमपर्यंत पोचताना, स्वतःची विहीर खोदून घेतलेली असते. म्हणजे काय तर व्हीईजीएफ नावाच्या ग्रोथ फॅक्टरने नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतलेल्या, एफएसएचचे रिसेप्टर वाढवलेले, एलएचचेही नवे रिसेप्टर बसवलेले, आणि आयजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर मोकळा करून घेतलेला. या आयजीएफला बांधून ठेवणारी प्रोटीन असतात, ती कापून टाकायला पॅप-ए नावाचं प्रोटीन लागतं. ज्यांनी गरोदरपणात तिसऱ्या महिन्यात डबल मार्कर टेस्ट केलीये त्यांनी हे नाव रिपोर्टवर वाचलेलं असेल, तेच हे, तेव्हा ते वारेतून येतं. तर पाटाचं पाणी तुटलं की हे एकच फॉलिकल रोज दीड-दोन एमएमने वाढत राहतं आणि बाकीची सुकतात. लेट्रोझोलची गोळी देतात ना, ती इस्ट्रोजेन बनणं थोडे दिवस थांबवते, मेंदूला 'पुरे'चा निरोप जात नाही, आणि पाट अजून थोडे दिवस वाहतो. मला त्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं, गोळी हातात दिली, कधी घ्यायची सांगितलं, संपलं.

पीसीओडीबद्दल लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल, पण एक मात्र इथेच सांगते, त्या गाठी नाहीत. सोनोग्राफीत कडेने मण्यांच्या माळेसारखी दिसतात ती फॉलिकल्स आहेत, छोट्या आकारावर अडकून पडलेली, प्रत्येकात अंडं असलेली. इन्शुलिन जास्त, ते एलएचच्या जोडीने थीका पेशींना चेतवतं, पुरुषी हार्मोन वाढतं, एएमएच वाढतं आणि कुणालाच विहीर खोदता येत नाही. अशा मुलीलाही घरचे "अंडी बनत नाहीत" म्हणतात आणि तिच्याकडे खरं तर नेहमीपेक्षा जास्त असतात! माझी एक विद्यार्थिनी पोटातल्या गाठींचं ऑपरेशन करावं लागणार म्हणून दोन महिने घाबरून कॉलेजला आली नव्हती, कारण रिपोर्ट वाचून तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

आता एएमएच. हे सोडतात ती जागी झालेली, वाढीला लागलेली छोटी फॉलिकल्स, साधारण ८ एमएमपर्यंतची. त्याचं काम काय, तर झोपलेल्यांना सांगायचं की अजून उठू नका, आणि वाढणाऱ्यांना सांगायचं की एफएसएचला एवढं भुलू नका. म्हणजे रक्तातला आकडा बघून कळतं की आत्ता साधारण किती फॉलिकल्स चालू आहेत. आयव्हीएफची इंजेक्शनं दिली तर किती अंडी मिळतील याचा अंदाज येतो आणि डॉक्टरला डोस ठरवायला तो लागतो, त्यासाठी ही टेस्ट चांगली आहे. पण अंडं चांगलं की वाईट हे त्या आकड्यात नाही, आणि नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हेही नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत ३० ते ४४ वर्षांच्या, वंध्यत्वाचा आधी काही इतिहास नसलेल्या ७५० बायकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या, आणि ज्यांचं एएमएच कमी होतं त्यांना दिवस राहण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा कमी निघाली नाही. वयाचा परिणाम खरा आहे, तो मी नाकारत नाही, आणि बहिणीला मी हेही सांगितलं की वेळ घालवू नकोस, डॉक्टरांकडे जात राहा. पण ०.८ या आकड्याचा अर्थ 'बनत नाही' असा होत नाही. ज्या फॉलिकलचं दार यावेळी उघडणार आहे त्याला बाकीचे किती आहेत याच्याशी देणंघेणं नाही.

आणि ते दार उघडायच्या आदल्या रात्रीचं सांगायचं राहिलंच. आपण आईच्या पोटात असताना प्रत्येक अंडपेशीची विभागणी अर्ध्यात थांबलेली असते, आणि वाढीच्या शेवटच्या टप्प्यात ती थांबवून धरण्यात ग्रॅन्युलोसा पेशींचा वाटा असतो, सीजीएमपी नावाचा छोटासा रेणू त्या धाग्यांमधून सतत आत पाठवत राहतात, की थांब, अजून नाही. मग मेंदूतून एलएचची लाट येते. पण अंड्यावर तिचं ऐकणारा कानच नाही! एलएच पोचतं ते बाहेरच्या पेशींपर्यंत, त्या अँफिरेग्युलिनसारखे ग्रोथ फॅक्टर सोडतात, ते आतल्या थराला सांगतात, तो थर सीजीएमपी थांबवतो, आणि कान लावून बसलेल्या अंड्याला पहिल्यांदा शांतता ऐकू येते. तेवढ्यावर ते निघतं. ३६-४० तासांनी पिशवी फुटते. एचसीजीचं ट्रिगर, म्हणजे एलएचच्या लाटेचं काम करणारं इंजेक्शन, दिलं की डॉक्टर तास मोजायला सांगतात ते याचसाठी.

त्या फोननंतर अकरा दिवसांनी बहिणीचा परत फोन आला, सोनोग्राफी करून आली होती, फॉलिकल वीस एमएमचं होतं आणि आता फुटलं होतं. आवाज बरा होता. म्हणाली, "ताई, तू ते ८५ दिवसांचं म्हणालीस ना, मग हे कधीपासूनचं?" म्हटलं कॅलेंडर घे आणि मागे मोज. तिच्या पानं उलटण्याचा आवाज येत होता, ज्येष्ठ, वैशाख, चैत्र.

"पाडवा येतोय गं," ती म्हणाली. "पाडव्याला मी तुमच्याकडे होते. मावशीनं श्रीखंड केलं होतं, आपण गच्चीवर गुढीजवळ बसून किती वेळ हसत होतो." मग जरा वेळ काहीच बोलली नाही.

"तेव्हाच सुरू झालं होतं?"

"हो, तेव्हाच."